दोन्ही डोकी एकदम

आमच्या सोसायटीत नवरा-बायकोचं भांडण झालं तर कुणी मध्ये पडत नाही. पण नवरा-बायकोला उवा झाल्या तर गायधनी काका पडतात. त्यांना बोलवावं लागत नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, खाली भाजीच्या गाडीपाशी, कुठेही तुमचं बोट कानामागे गेलं आणि तिथं जरा जास्त रेंगाळलं, की संध्याकाळी दाराची बेल वाजलीच म्हणून समजा. दारात काका उभे. पायात काळे बूट, शर्टाच्या खिशाला पेन, हातात भलीमोठी बॅटरी. पहिला प्रश्न ठरलेला. "दोघंही घरात आहात ना?" एकटंच कुणी असलं तर ते उंबरा ओलांडत नाहीत. "मग मी नंतर येतो. एका डोक्याचं काम मी घेत नाही."

लहान मुलांच्या उवांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. बी विंगमधली एक बाई आपल्या लेकीला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेली होती, तर म्हणाले, "पोरांना आया असतात. तुमचं आणि साहेबांचं काय चाललंय ते सांगा." बाई एवढी भडकली की महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. महिन्यानंतर तीच साहेबांना घेऊन गेली म्हणे.

काकांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात गेली. शिफ्ट इनचार्ज होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस अजून प्लांटमधून बाहेर पडलेला नाही. लिफ्ट बंद पडली की ती 'ट्रिप झाली'. कुणाची बायको माहेरी गेली की तो नवरा 'स्टँडबायवर'. सोसायटीच्या मीटिंगला दोघं एकदम बोलायला लागले की हे टेबलावर पेन आपटून म्हणणार, "लोड कमी करा, लोड कमी करा." घरी एकटेच असतात. मुलगा बेंगळुरूला, आणि काकू जाऊन तीनेक वर्षं झालेली. मी या सोसायटीत लग्न होऊन आले ती त्यानंतर, त्यामुळे काकूंना मी फक्त त्यांच्या हॉलमधल्या फोटोत पाहिलंय.

या माणसाला मी पहिले सहा महिने पोट धरून हसले. मग माझ्याच डोक्यात उवा झाल्या.

आता मी मुळातच काळजी करणारी बाई. कुलूप लावून निघाले की जिन्यातून परत येऊन ते ओढून बघणार, गॅस बंद केल्यावर त्याला हात जोडून 'बंद राहा रे बाबा' म्हणणार. अशा बाईला उवा व्हाव्यात, त्याही लग्नाच्या पहिल्या वर्षात, आणि त्याही धाकट्या दिराच्या लग्नाच्या तोंडावर! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आणि नुसतं लग्न असतं तरी निभावलं असतं. अंबाडा घालून, वर गजरा माळून मी चार दिवस काढले असते. पण आमच्या सासरी, नामपूरला, एक पद्धत आहे. घरात लग्न निघालं की हळदीच्या आदल्या दिवशी सासूबाई घरच्या आणि भावकीतल्या सगळ्या सुनांना अंगणात ओळीनं बसवतात आणि एकेकीचं डोकं स्वतःच्या हातानं तेल लावून विंचरतात. सून कितीही शिकलेली असो, नोकरीवाली असो, त्या दिवशी तिनं केस मोकळे सोडून मान खाली घालून बसायचं. वर लख्ख ऊन, समोर ओट्यावर चुलत्या-मावशा, आणि केसांत सासूची बोटं. तिथं ऊ लपणार कुठं आणि मी लपणार कुठं? सासूबाईंचा फोन आला की आधी हेच. "काय करी राह्यनी वं? डोकामा तेल टाकस का नही?" डोकं हा शब्द त्यांनी उच्चारला की मी घाईघाईनं दिराच्या लग्नाचं विचारायचे.

पहिली ऊ मला सापडली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर सहामाहीचे पेपर तपासताना. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीतल्या एका पोराचा भागाकार बघत होते, तर वरून काहीतरी टपकलं आणि बाकीच्या दिशेनं चालायला लागलं. मी लाल पेनानं त्याला गोल करणार तेवढ्यात कळलं, ही चूक त्या पोराची नाही. स्टाफरूममध्ये इकडेतिकडे बघितलं, पेपर झटकला आणि घरी येईपर्यंत डोक्याला हात लावला नाही, कारण हात लावला की खाज सुटते आणि खाज सुटली की लोक बघतात.

औषधाचा शाम्पू आणायचा तर खालच्या मेडिकलवाल्याला आमची सात पिढ्यांची माहिती. म्हणून मी पार मुक्तिधाम मंदिराच्या पलीकडे गेले. तिथला दुकानदार निघाला चौकस.

"कुणासाठी पाहिजे, मॅडम?"

"मुलीसाठी."

"वय काय?"

"चौथीत आहे."

मला मूलबाळ नाही. लग्नाला वर्ष नाही झालेलं. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि तो म्हणाला, "मग घरात सगळ्यांनीच लावा, तिचे पप्पा असतील, तुम्ही..." मी पुढचं ऐकलंच नाही. बाटली पर्समध्ये कोंबली आणि रिक्षात बसले.

स्वप्नील, म्हणजे माझा नवरा, सातपूरला कंपनीत आहे. त्याची दुसरी पाळी असताना मी बाथरूमची कडी लावून डोकं धुतलं, फणी फिरवली, पांढऱ्या कागदावर पडलेलं सगळं फ्लश केलं आणि बाटली माळ्यावर जुन्या डब्यांमागे सरकवली. सुटले असं वाटलं. आठवडा गेला नाही तर परत खाज. परत धुतलं. परत खाज. आईला फोनवर आडून आडून विचारलं तर ती म्हणाली, सीताफळाच्या बिया वाटून लाव, आणि मग स्वतःच म्हणाली, नको, डोळ्यांत गेलं तर आंधळी होशील. झालं, काळजीला आणखी एक काळजी. स्वप्नील जवळ आला की मी मान फिरवून घ्यायची. तोही आताशा जरा लांबच झोपतोय असं माझ्या लक्षात आलं, आणि मग ती एक वेगळीच काळजी लागली. वर्षाच्या आत नवरा असा कडेला सरकायला लागला, तर माणसानं काय समजायचं?

लग्न बारा दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये मी आणि गायधनी काका दोघंच. मी दोन्ही हात पिशवीत अडकवून ठेवले होते. दुसऱ्या मजल्यावर मला राहवलं नाही. मी फक्त मान जरा खांद्यावर घासली, तीही ओढणी सारखी केल्यासारखं दाखवून. काका समोर लिफ्टच्या दाराकडे बघत होते. दाराकडेच बघत म्हणाले, "मिस्टरांची पाळी कुठली आहे?"

"पहिली," मी म्हणाले.

संध्याकाळी बेल. स्वप्नीलनंच दार उघडलं. काका आत आले, बूट काढून ओळीत ठेवले, सोफ्यावर बसले आणि बॅटरी मांडीवर ठेवली. "पाणी नको. बाटल्या किती आहेत घरात?"

"कसल्या बाटल्या?" मी आणि स्वप्नील एकदम म्हणालो.

"तेच. दोघं एकदम बोललात. म्हणजे दोन असणार. घेऊन या."

मी म्हटलं, काका, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. स्वप्नील म्हणाला, हो ना, काय हे काका. आणि काका आमच्याकडे आळीपाळीनं बघत बसले. शेवटी मी स्टूल घेऊन माळ्याकडे गेले. डबे सरकवून बाटली काढली. वळून बघते तर स्वप्नील बाथरूममधून येतोय, गीझरच्या मागून काढलेली तीच बाटली हातात घेऊन. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, माझ्यापेक्षा जास्त संपलेली.

"तुला?" मी म्हणाले.

"तुला?" तो म्हणाला.

त्याचं झालं होतं असं की त्यालाही माझ्याच सुमाराला पत्ता लागला, आणि तोही मी शाळेत असताना गुपचूप धूत होता. म्हणजे मी धुवायचे त्या आठवड्यात त्याच्या उवा माझ्याकडे यायच्या, तो धुवायचा त्या आठवड्यात माझ्या त्याच्याकडे जायच्या. दोघं मिळून आम्ही त्यांना माहेर-सासर करवत होतो.

आणि मग जे व्हायचं ते झालं. मी म्हणाले, दिवाळीला तुझ्या बहिणीच्या मुली आल्या होत्या, दोघी माझ्याच उशीवर लोळत होत्या. तो म्हणाला, आणि तुझ्या वर्गात पन्नास डोकी आहेत त्यांचं काय? मी म्हणाले, माझ्या वर्गाचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, माझ्या भाच्यांचंही नाही. आवाज चढले. मी नामपूरला येतच नाही, तुझ्या आईला सांग काय सांगायचं ते, इथपर्यंत गोष्ट गेली, आणि मला रडू फुटलं.

काका शांतपणे बाटल्यांवरचा बारीक मजकूर चष्मा वर करून वाचत होते. "झालं का? फॉल्ट कुठून आला ते नंतर. आधी शटडाऊन. दोन्ही युनिट एकदम बंद करायची, एक चालू ठेवून दुसऱ्याचं काम होत नाही. तुम्ही युनिट एक," स्वप्नीलला म्हणाले. "आणि तुम्ही सूनबाई युनिट दोन."

"मी दोन का?" मी नाक पुसत विचारलं.

"तुमच्याकडे लोड जास्त आहे." माझे केस कमरेपर्यंत आहेत.

काकांची काम करायची एक रीत आहे, आणि ती त्यांनी तेव्हाच सांगून टाकली. ते स्वतः कुणाच्याही डोक्याला हात लावत नाहीत. "कंट्रोल रूममधला माणूस बॉयलरला हात लावत नाही. मी सांगणार, तुम्ही करायचं. हिचं डोकं तुम्ही, तुमचं डोकं हिनं." मला वाटलं, बरंच झालं, परक्या माणसानं केसांत हात घालण्यापेक्षा. पण ज्या नवऱ्याला नुकतंच 'तुझ्या भाच्या' म्हणून हिणवलंय, त्याच्यापुढे बेसिनवर वाकून बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

काका पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि आम्ही बाथरूममध्ये. "कानामागे! मानेवर! टाळूवर उगाच वेळ घालवू नका, त्या तिथं कमी राहतात. टॉवेल डोळ्यांवर! डोळे मिटा! दोघंही मिटा! मुळापासून टोकापर्यंत, कंजुषी नको! आता थांबा, दहा मिनिटं. कुणी हलायचं नाही!" शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंना भिंतीपलीकडून हे सगळं ऐकू जात होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "योगासनं सुरू केलीत का गं?"

दहा मिनिटं आम्ही दोघं डोळे मिटून, डोक्याला फेस लावून, बाथरूमच्या फरशीवर शेजारी शेजारी बसून होतो. स्वप्नील हळूच म्हणाला, "मला वाटलं तू म्हणशील, गावाकडचा आहे, आला उवा घेऊन."

"आणि मला वाटलं तू म्हणशील, एवढी शिकलेली, टापटिपीची म्हणून केली, आणि बघा."

"बोलू नका!" पॅसेजमधून आवाज आला. "तोंडात जाईल!"

मग धुणं, मग फणी. काका बॅटरीचा झोत टाकायचे, आम्ही एकमेकांचा भांग पाडून पाडून बघायचं. उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात. कंगवे वेगळे. आणि जाताना दारात काकांनी शेवटची अट घातली. "लिखा सगळ्या मरतीलच असं नाही. त्यातून नवीन निघतील, त्या आठवड्यानं दुसऱ्या धुण्यात धरायच्या. तोपर्यंत डोक्याला डोकं लागता कामा नये. उशी वेगळी, गादी वेगळी, खोली वेगळी झाली तर उत्तम. हा नियम मोडला तर मी परत येणार नाही. माझं हे एकच सांगणं असतं, आणि लोक नेमकं तेच ऐकत नाहीत."

मी आतल्या खोलीत, स्वप्नील हॉलमध्ये. पहिले दोन दिवस रागानं का होईना, नियम बिनचूक पाळला गेला. पण रोज संध्याकाळी काका येणार, बॅटरीचा झोत पाडणार आणि आम्ही एकमेकांच्या केसांत फणी फिरवणार. तुम्ही करून बघा. ज्या माणसाचं डोकं रोज अर्धा तास तुमच्या मांडीशी असतं, त्याच्याशी अबोला धरायला फार ताकद लागते. त्याच्या डाव्या कानामागे लहानपणी बैलगाडीवरून पडल्याची खूण आहे, ते मला तेव्हा कळलं. माझ्या केसांचा गुंता तो तोंडानं 'लागलं का, लागलं का' करत असा सोडवायचा की मला हसू यायचं. काका मध्येच दरडावायचे, "गप्पा नकोत, कामाकडे लक्ष!" पण बॅटरी लावून स्वतः मात्र कुठेतरी खिडकीबाहेर बघत असायचे.

मला मात्र झोप नव्हती. स्वप्न पडायचं ते अंगणाचं. सासूबाईंनी माझे केस उचललेत, आणि सगळी भावकी ओट्यावरून खाली उतरून बघायला येतेय. शाळेत मी पोरांना शिकवतेय आणि मनात चाललंय, एक राहिली तर? एकच राहिली तर?

आणि एक राहिलीच. निघायच्या आदल्या संध्याकाळी दुसरं धुणं होतं. धुण्याआधी काकांनी नेहमीसारखी तपासणी लावली. स्वप्नील माझ्या मानेजवळ फणी फिरवता फिरवता थांबला. मला त्याच्या थांबण्यावरूनच कळलं. "दाखवा," काका म्हणाले. पांढऱ्या कागदावर ती चालत होती. लहानशी, पण जिवंत.

काकांनी झोत तिच्यावर धरला. मग आमच्याकडे. "ही इथली नाही. काल युनिट दोनमध्ये काही नव्हतं. परवा युनिट एकच्या कानामागे एक लीख मी सोडून द्या म्हटलं, तिथली ही आहे. तिथून इथं कशी आली?"

मी कागदाची कड सारखी करायला लागले.

"मी विचारतोय, कशी आली?"

स्वप्नीलचे कान लाल झाले. चोराच्या मनात चांदणं. शेवटी मीच म्हणाले, "काका, काल... म्हणजे मी फार घाबरले होते. उद्याचं, नामपूरचं. रडत होते. तर हा आत आला. आणि मग तिथंच झोपला. एकाच उशीवर."

मला वाटलं, आता बॅटरी विझवून उठतील आणि निघून जातील. आणि माझं काय होणार? सकाळी गाडी, परवा अंगण. मी हात जोडले. "काका, चुकलं. पण आज एवढं करा. प्लीज."

काकांनी बॅटरी खरंच विझवली. पण उठले नाहीत. तो कागद दुमडून त्यांनी कडेला ठेवला.

"आमची ही चार वर्षं पडून होती," ते म्हणाले. "अर्धांग. बोलणं गेलं होतं. केस तुमच्यासारखेच, लांब. पडून पडून डोक्यात व्हायच्या. सगळे म्हणाले, कापून टाका केस, सुटाल. बाई ठेवली होती ती कात्री घेऊनच आली. तर हिनं जो एक हात चालायचा त्यानं वेणी गच्च धरून ठेवली. सोडेचना. मग मी म्हटलं, राहू दे. मी धुवीन."

स्वप्नीलनं फणी खाली ठेवली.

"डॉक्टरांनी मला तेच सांगितलं होतं, जे मी तुम्हाला सांगतो. दोघांचं एकदम धुवा, आणि आठवडाभर वेगळे झोपा. धुवायचो मी. तिचं धुवायचो, माझं धुवायचो. पण तिला माझं डोकं शेजारी लागायचं. नसलं की ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायची. मग मी जायचो, उशीवर डोकं टेकायचो. झोपायची. आठ दिवसांनी परत उवा. परत धुवायचं. चार वर्षं असंच चाललं. एकलहऱ्यात माझ्या पाळीला कधी नियम मोडला नाही मी. घरात रोज मोडला."

"मग?" स्वप्नीलनं विचारलं. असं विचारू नये, पण त्याला राहवलं नाही.

"मग ती गेली. माझ्या डोक्यात होत्याच. दिवसवार झाले, आणि मी एकदा धुतलं. गेल्या. आठवड्यानं बघितलं, नाहीत. पंधरा दिवसांनी बघितलं, नाहीत. इतकी वर्षं हटत नव्हत्या, आणि एका धुण्यात गेल्या." ते जरासं हसले. "द्यायला कुणी नव्हतं ना परत."

मग त्यांनी बॅटरी लावली आणि एकदम आवाज चढवला. "चला! बसलात काय! दोन्ही युनिट! टॉवेल डोळ्यांवर!"

नामपूरला काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर माझ्यासारखा तुमचाही जीव टांगणीला राहील. अंगणात माझी पाळी आली. मी मान खाली घालून बसले. सासूबाईंनी तेल ओतलं, बोटं फिरवली, भांग पाडला. आणि कानाच्या मागे थांबल्या. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी नखानं एका केसावरून काहीतरी ओढून काढलं. वाळलेली लीख राहिली असणार एखादी, मेलेली. ओट्यावरच्या मावशी म्हणाल्या, काय गं, काय सापडलं? सासूबाई म्हणाल्या, "काही नही, कचरा शे." आणि वेणी घालायला घेतली. ती बांधता बांधता खाली वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "माले बी व्हयेल व्हत्यात. नवी व्हतू तवय." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायकांना वाटलं, सुनेला माहेर आठवलं.

लग्न पार पडलं. परत आल्यावर मी बुंदीचे लाडू घेऊन काकांकडे गेले. स्वप्नील बरोबर होता. काकांनी पहिली चौकशी केली ती अंगणाची. मी सगळं सांगितलं. ते 'हं, हं' करत ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात सवयीनं स्वतःच्या मानेवर गेला.

"काका, खाजतंय का?"

"छे. थंडीनं कोरडं पडलंय."

"तुम्ही आठवडाभर आमच्या डोक्यांवर वाकून बसला होता. बसा इथं. बघते."

"अहो, काही नाही. मला कुणाची लागण होत नाही आता."

"बसा म्हटलं ना. एका डोक्याचं काम आम्ही घेतो."

ते बसले. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून, पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर. स्वप्नीलनं बॅटरी धरली. मी त्यांच्या केसांत हात घातला. थोडेच उरलेत, पांढरेशुभ्र, मऊ. मी हात लावल्याबरोबर त्यांचे खांदे एकदम वर गेले, आणि मग हळूहळू खाली आले.

डोक्यात काही नव्हतं. मला पहिल्याच मिनिटात कळलं. एकही लीख नव्हती. स्वप्नीलनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं बॅटरी हलवली नाही. मी भांग पाडत गेले, इकडून, तिकडून, कानामागे, मानेवर, परत पहिल्यापासून. काकांनी डोळे मिटले होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "काही सापडलं का?"

"थांबा," मी म्हणाले, "अजून बघतेय."